कुंभिवलीच्या बांधातली केबल

ही हकिगत सांगायचं मी फार वर्षं टाळलं. आधी नोकरी होती म्हणून टाळलं, मग पेन्शन सुरू व्हायचं होतं म्हणून. माझं पेन्शन सुरू झालं तेव्हा माझ्या कामावरच्या जोडीदाराचं सुरू व्हायचं होतं. त्याचंही झाल्यावर तो म्हणाला, "आता मी मेल्यावर काय ते सांग." तो अजून लोधिवलीला ठणठणीत आहे आणि रोज सकाळी फिरायला जातो. त्याच्या मरणाची वाट बघणं बरं दिसत नाही, म्हणून मागच्या आठवड्यात मी त्याची परवानगी घेतली. कुणाचंही नाव घालायचं नाही, या अटीवर त्याने ती दिली. तेव्हा इथे नावं नाहीत.

आमच्या कर्जत-खालापूर भागात टेलिफोन कसा आला, कसा वाढला आणि कसा गेला, याची एक पुस्तिका आम्ही निवृत्त मंडळी काढतो आहोत. त्यासाठी कर्जतला बैठक झाली. बैठकीत नेहमीप्रमाणे कुंभिवलीच्या नांगराचा किस्सा निघाला. बैलांच्या जोरापुढे जमिनीखालची केबल तुटली आणि अर्धा तालुका मुका झाला, असा तो किस्सा. सगळे हसले, मीही हसलो. मग कुणीतरी म्हणालं, "हे तूच लिही, तू तिथे होतास." मी तिथे होतो, हे खरं आहे.

पहिले दिवस आजच्या पोरांना सांगून पटत नाहीत. हातानं दांडा फिरवायचा, मग एक्स्चेंजमधली बाई विचारणार, कोण पाहिजे. मुंबईचा ट्रंक कॉल सकाळी मागितला तर दुपारपर्यंत लागेल अशी आशा ठेवायची. कर्जतचे एक गिरणीवाले सकाळी दादरच्या तांदळाच्या व्यापाऱ्याला कॉल लावायला सांगत, मग गाडीत बसून स्वतःच दादरला जात, सौदा करून परत येत. ते घरात शिरत असतानाच फोन वाजे. कॉल लागलेला असे. समोरून व्यापारी म्हणे, "बोला." हे म्हणत, "पोचलो." कॉलचे पैसे भरायचेच होते, तर काहीतरी बोलणं भाग होतं.

तेव्हा तारा खांबांवरून जात. त्यांच्यावर वेली चढत, पतंग अडकत, वाऱ्यात एकमेकींत गुंतत. मग साहेब लोकांनी ठरवलं की चौकपासून खालापूरच्या अंगाने केबल जमिनीखालून न्यायची. खड्डे झाले, केबल पुरली, वर माती लोटली. एका ठिकाणी रस्त्याची कड खचलेली होती, तिथे केबल कुंभिवलीतल्या एका शेताच्या बांधातून काढली. त्या दिवशी साहेब आम्हाला म्हणाले, "आता हिला कुणाचा हात लागायचा नाही."

मी लाइनमन होतो. माझा जोडीदारही लाइनमन. पावसाळ्यात आमचं काम म्हणजे केबलीच्या वाटेने चालत जायचं आणि माती कुठे वाहून गेली ते बघायचं. असंच चालताना कुंभिवलीच्या त्या बांधात जोडीदाराला बीळ दिसलं. तोंडाशी ताजी माती, म्हणजे आत चिंबोरी आहे. खेकड्याला आमच्याकडे चिंबोरी म्हणतात, आणि भरल्या पावसात शेतातली चिंबोरी दिसल्यावर सरळ पुढे जाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

"मोठी हाय," जोडीदार बिळात बोट घालून म्हणाला.

"ड्युटीवर आहोत," मी म्हणालो.

"ती पन घरी हाय," तो म्हणाला. "पहार दे इकडं."

पहार खात्याची होती. पहिले घाव त्याने घातले. मग तो दमला आणि पहार माझ्या हातात आली. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण गेल्या आठवड्यात तो म्हणाला की शेवटचा घाव कुणाचा ते स्पष्ट लिही. शेवटचा घाव माझा होता. पहार कचकन आत गेली आणि काहीतरी मऊ लागलं. मला वाटलं चिंबोरी. तेवढ्यात चिंबोरी बांधाच्या पलीकडच्या तोंडातून बाहेर आली आणि आमच्याकडे बघत उभी राहिली. जोडीदाराने तिला धरलं. मी पहार बाहेर ओढली. तिच्या टोकाला माती नव्हती, काळं काहीतरी होतं. आम्ही दोघांनी ते पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि बीळ बुजवून टाकलं.

ऑफिसात आलो तर गोंधळ. खालापूरच्या बाजूचे फोन एकेक करून बंद पडत होते. केबलीत पाणी शिरत होतं. रात्री जोडीदाराच्या घरी चिंबोरीचं कालवण झालं. मी शपथेवर सांगतो, मला घास गिळवत नव्हता. तरी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला फॉल्ट शोधायला पाठवलं. सरळ कुंभिवलीला जाऊन खणलं असतं तर संशय आला असता. म्हणून आम्ही चौकपासून सुरुवात केली. चांगले जोड उघडून बघितले, माना हलवल्या, परत बंद केले. मध्ये भाकरी खाल्ली. दुपार टळल्यावर बांधापाशी पोचलो आणि मोठ्या आश्चर्याने म्हणालो, इथे दिसतंय. तेव्हा साहेब स्वतः जीप घेऊन आले होते. नवीन, तरुण, बुटांना चिखल लागल्यामुळे चिडलेले. खड्ड्यात वाकून त्यांनी केबलीचं भोक बघितलं.

"हे कशाने झालं?"

जोडीदाराने शेजारच्या नांगरलेल्या वावराकडे हात केला. "नांगर लागला साहेब."

साहेब खड्ड्यात उतरले. खड्डा त्यांच्या कमरेएवढा. "नांगर एवढा खाली जातो?"

"बैल तसे आहेत साहेब," जोडीदार म्हणाला.

आता सगळं संपलं, असं मला वाटलं. कारण बैल तिथेच होते. एक उभ्या उभ्या पेंगत होता आणि दुसरा पहिल्याला टेकून उभा होता. साहेबांनी शेतकऱ्याला बोलावलं. वयाने आमच्यापेक्षा बरेच मोठे, अंगावर इरलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो.

"हे बैल तुमचे?" साहेबांनी विचारलं. "कमरेएवढा खोल नांगर ओढतात?"

दादांनी बैलांकडे पाहिलं. त्या जोडीला सारं गाव हसत असे, बाजारात कुणी तरी गळ्यात मारली म्हणून. वरच्या साहेबाने त्यांच्या ताकदीबद्दल विचारावं, हे दादांच्या कधी स्वप्नातही आलं नसेल.

"हो सायेब," दादा म्हणाले. "दिसत नायत, पन हायत तसे."

झालं. खड्ड्यात केबलीला नवा जोड बसला आणि खड्ड्याबाहेर दोष दादांच्या नावावर बसला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज हसूनच लिहिलं असतं. पण त्या पावसाळ्यानंतर कुंभिवलीत गावाचा एक सार्वजनिक फोन बसायचा होता, आणि तो दादांच्या ओटीवर बसायचं ठरलं होतं. दारासमोर खांबही रोवून झाला होता. दादांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन नाशिकच्या पुढे गेली होती, जावयाच्या कचेरीत फोन होता. घरी बसून पोरीचा आवाज ऐकता येईल, या एका हौसेने दादांनी ओटी सारवून, भिंतीत फळी ठोकून ठेवली होती. साहेबांनी सांगितलं, आमची केबल तोडणाऱ्याच्या घरात आमचा फोन नको. फोन समोरच्या किराणा दुकानात गेला. खांब दादांच्या दारातच राहिला. तार त्यांच्या कौलांवरून रस्ता ओलांडून दुकानात गेली. ती ओढायला मीच खांबावर चढलो होतो. खालून दादांनी शिडी धरली होती.

पोरीचा फोन यायला लागला. दुकानदार पलीकडून हाक मारी, "अवो दादा, पोरीचा फोन हाय." काकू, म्हणजे दादांची बायको, पदर सावरत धावत जात. दादा जात नसत. "मी त्या फोनची वाट लावली, आता कोनत्या तोंडानं हात लावू?" ते म्हणत. काकू तिकडे बोलत असायच्या आणि दादा खांबाजवळ उभे राहून तारेकडे बघायचे. मी एकदा तिथे होतो. तारेवरून कावळा उडाला तर त्यांनी हातातला खडा टाकून दिला आणि मला हळूच विचारलं, "कावळा बसला तर बोलनं अडत नाय ना?" मी नाही म्हणालो. त्याच वेळी सांगायला हवं होतं.

पुढच्या पावसाळ्यात मी सांगायचं ठरवून गेलो. दादांनी मला ओटीवर बसवलं, काकूंनी चहा आणला. मी म्हणालो, "दादा, त्या केबलीचं—"

"सायेब, मला पुन्यांदा लाजवू नका," दादा म्हणाले. मला साहेब म्हणणारे तालुक्यात ते एकटेच. "माज्या बैलांपायी तुमाला भर पावसात चिखलात बसाया लागलं. मी तुमचा गुन्नेगार हाय. मला माफी करा." आणि निघताना कडव्या वालांचं गाठोडं माझ्या सायकलला बांधलं.

असं ते दरवर्षी चाललं. मी माफी मागायला जायचो आणि माफ करून परत यायचो, वर वाल मिळायचे. बायकोला वाटे की माणूस किती कृतज्ञ आहे. जोडीदाराला वाटे की वाल अर्धे त्याचे आहेत.

मधल्या काळात आमचा सगळा धंदा बदलला. ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं, दांडे गेले, बोलणाऱ्या बाया दुसऱ्या टेबलांवर गेल्या. पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले आणि दुकानदाराने काचेची खोली केली. मग मोबाइल आले, तशा त्या काचेच्या खोलीत तो कांदे ठेवू लागला. दादांच्या त्याच शेताच्या कोपऱ्यावर टॉवर उभा राहिला. सगळ्या पंचक्रोशीचं बोलणं आता त्यांच्या बांधावरून जायचं, पण त्यांच्याकडे फोन नव्हता. पोरीच्या मुलीने, नातीने, आणून दिला तर तो त्यांनी कपाटात ठेवला, हात लागून बिघडू नये म्हणून. ज्याने जन्मभर लोकांची बोलणी जोडली, त्या मला ज्या एका माणसाशी बोलायचं होतं, त्याला फोन करता येत नव्हता.

शेवटचा गेलो तो मागच्या श्रावणात. काकू पूर्वीच गेलेल्या. दादा ओटीवर भिंतीला टेकून बसलेले, त्या ठोकलेल्या फळीच्या खाली. फळीवर औषधाच्या बाटल्या होत्या. बैल कधीच गेले होते, पण दारातला खांब होता आणि त्याच्या बुंध्याला दाव्याचा वळ अजून होता. त्यांच्याजवळ राहायला आलेली नात म्हणाली, "काका, मोठ्यानं बोला, ऐकू येत नाय त्यांना."

मोठ्यानं म्हणजे किती, ते मला लगेच कळलं. "तब्येत कशी आहे?" एवढं दोनदा ओरडल्यावर समोरच्या दुकानातून दुकानदाराचा मुलगा बाहेर येऊन उभा राहिला. शेजारच्या ओटीवरच्या दोन बाया निवडत असलेले तांदूळ सोडून बघू लागल्या. जे सांगायला मी एवढी वर्षं एकांत शोधत होतो, ते आता साऱ्या आळीला सांगावं लागणार होतं. मी घसा साफ केला. सगळे थांबले. मग मी दादांच्या जवळ सरकलो आणि ते सगळं अगदी हळू आवाजात म्हणालो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न गाळता.

दादांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. मग हसून माझ्या हातावर थोपटलं. "बैल होतेच तसे रं," ते म्हणाले. मला पहिल्यांदाच त्यांनी अरे-तुरे केलं. "पन तुमचं लय नुकसान केलं त्यांनी."

मी वाल घेऊन घरी आलो. थंडीत परत जाऊ आणि आळी ऐको न ऐको, ओरडून सांगू, असं मनाशी पक्कं केलं. थंडी पडायच्या आत नातीचा फोन आला, दादा गेले. तो तिने त्याच कपाटातल्या फोनवरून केला होता.

जे मी ओरडून म्हणणार होतो ते एवढंच होतं. दादा, तुमचा नांगर तिथपर्यंत पोचलाच नव्हता. चिंबोरीच्या बिळात पहार मी घातली होती. फोन तुमच्या ओटीवर यायला हवा होता, पोरीशी तुम्ही बोलायला हवं होतं. मला माफ करा.