जागा आहे, पण सलग नाही

वसंताचे किस्से सांगायला बसलं की चहा गार होतो, किस्से संपत नाहीत. साठ सालानंतर आम्ही शहापूर-मुरबाडकडचे काहीजण मुंबईत एका कॉम्प्युटरवर कामाला लागलो, तेव्हापासून ते साचतच गेलेत.

खोलीभर मशीन आणि मेमरी इवलीशी! कुठल्या प्रोग्रामला मेमरीत कुठे बसवायचं, ते ठरवणारा मुख्य प्रोग्राम वसंता लिहायचा. मुरबाडला त्याच्या वडिलांनी, दादांनी, विचारलं, "नक्की करतोस काय रे?"

"जागा देतो, दादा."

"मग एसटीत कंडक्टर हो. खाकी कपडे तरी मिळतील!"

आम्ही हसलो. वसंताला मात्र लागलं. दादांनी एकदा तरी आपलं काम मानावं, एवढंच त्याला हवं होतं.

*

एकदा एक मोठा प्रोग्राम काही केल्या आत जाईना. साहेब ओरडले, "अरे, निम्मी मेमरी रिकामी आहे!"

"जागा आहे, साहेब. सलग नाही."

छोटे प्रोग्राम संपून उठले की मध्ये मध्ये भोकं उरायची. वसंताने उरलेल्यांना सरकवून एका बाजूला घेतलं. ते सरकले, पण आपले आकडे शोधायला गेले जुन्याच पत्त्यावर! मशीनने ढीगभर कचरा छापला.

*

मग बरेच दिवस वसंता कागदावर चौकोन आखत बसला. एका सकाळी म्हणाला, "सरकवायचंच कशाला? न उठणारे एका टोकाला बसवू, पटकन उठणारे दुसऱ्या."

बस्स, एवढंच! पटकन उठणारे उठले, त्यांच्या जागा एकमेकींना लागून मोकळ्या झाल्या आणि तो मोठा प्रोग्राम अलगद मावला. मी तोंडात बोटं घातली. दादांना सांगितलं तर म्हणाले, "बरं."

*

मुरबाडला वसंताच्या बहिणीचं लग्न. वऱ्हाडाची गाडी वाटेत बंद पडली, तोवर गावाने मांडव भरून टाकला. व्याही आले ते तापूनच. "बसू तर आमी सगळे एकत्र, नाय तर उभ्याउभ्या परत जाऊ!"

दादांचा चेहरा पांढराफटक. मानाची माणसं, कुणाला उठवणार?

वसंता सकाळपासून मांडवाच्या तोंडाशी उभा राहून लोकांना बसवत होता. म्हातारे सगळे खांबांना टेकवून डावीकडे, पोरंटोरं उजवीकडे. त्याने शांतपणे हाक दिली, "पोरांनो, घरात पेढे वाटतायत!"

उजवी बाजू एका दमात रिकामी! वऱ्हाड ऐसपैस बसलं. व्याही चक्क हसले.

दादा पहाटेपासून उभेच होते. ते हळूच वसंताजवळ आले आणि म्हणाले, "मी कुठं बसू रे?"