उशाखालच्या लाह्या

चूक माझीच होती. बायकोच्या उशाखाली ज्वारीच्या लाह्यांची पुरचुंडी सापडली, ती मी खिडकीतून बाहेर फेकली. "आंघोळ नाही, देवाची पूजा नाही, आणि अंथरुणात खातेस? घर बाटवतेस," असंही बोललो.

तेव्हा आम्ही लोणावळ्यात राहत होतो. तिला तिसरा महिना होता. पहाटे उठली की न्हाणीपाशी वाकून ओकायची, चुलीवर फोडणी पडली की पुन्हा. बायकांना हे व्हायचंच, एवढंच मला ठाऊक. पुरचुंडी गेल्यावर चार दिवसांत तिच्या पोटात पाणीही ठरेना. पाचव्या दिवशी ती चुलीपुढेच कोसळली. मूल जातं की काय, आणि ही तरी राहते का, या भीतीने मी नुसता तिला हाका मारत राहिलो.

तेवढ्यात जवळच्या औंढे गावची दूधवाली मावशी दारात आली. तिने तोंडावर पाणी मारून हिला शुद्धीवर आणलं आणि मला विचारलं, "लाह्या देत न्हाई का तिला? म्याच दिल्या व्हत्या."

मी फेकल्याचं सांगितलं. सोवळ्याचंही सांगितलं.

"पोटातल्याला कुटं ठावं तुमचं सोवळं, भाऊ? रिकाम्या पोटी उटलं की लय मळमळतं. पडल्या पडल्या चार दाणं खायाचं, मग दमानं उटायचं. आन् वास सोसत न्हाई तर फोडणी तुमी घाला. हात झडत्यात का?"

डॉक्टरांनाही बोलावलं. औषध देऊन त्यांनी मावशीचंच म्हणणं जरा शहरी भाषेत सांगितलं.

त्याच दुपारी भडभुंज्याकडून लाह्या आणल्या. रोज पहाटे ती उठण्याआधी मूठभर तिच्या हातावर ठेवू लागलो. फोडणी करपवायलाही शिकलो. आठवड्याने तिने अर्धी भाकरी खाल्ली आणि ती पोटात राहिली. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. कचेरीला उशीर होतोय याचं भान नव्हतं. पुढे सुखरूप मुलगी झाली. लाह्या दिल्या म्हणजे फिटलं, असं मी धरून चाललो. तोंडाने काही बोललो नाही.

यंदा तीच मुलगी तिसऱ्या महिन्यात माहेरी आली. संध्याकाळी मी तिच्या उशाशी लाह्यांचा डबा ठेवत होतो. बायको दारातून बघत होती.

"आता घर बाटत नाही वाटतं?" ती हसून म्हणाली. म्हणजे इतकी वर्षं ते तिच्या मनात होतं.

"तेव्हाही बाटत नव्हतं," मी म्हणालो. "मी तुला उपाशी ठेवलं. माझं चुकलं. मला माफ कर."