टॉवेलाखालचा सौदा

गाडी घेण्याची यादी मी वसतिगृहाच्या किराणा यादीच्या पाठीमागेच लिहिली. वेगळा कागद काढायचंही त्या दिवसांत जिवावर यायचं. पुढच्या बाजूला ज्वारी, तूरडाळ, खोबरेल. मागच्या बाजूला आर.सी. बुक, इंजिन नंबर, चासी नंबर, टॅक्स, विमा, कर्ज, मूळ मालक. सोलापुरातल्या एका मुलींच्या वसतिगृहाची कोठी माझ्या ताब्यात होती. वीस वर्षं याद्या करून माझं डोकंही तसंच झालं होतं. एकाखाली एक. खूण केली की पुढचं.

संक्रांत झाली आणि चारच दिवसांत ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचाही गेली. शिल्लक राहिला एक शब्द, ‘हो’. भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “पहिले सहा महिने महत्त्वाचे. जे परत यायचं ते बहुतेक त्यातच येतं. आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा. चुकवू नका.”

चुकवू नका म्हणणं सोपं होतं. इस्पितळ गावाच्या दुसऱ्या टोकाला. टांग्याची पायरी उंच. दुसऱ्याच आठवड्यात चढवताना हे माझ्यासकट खाली आले. त्यानंतर आमच्या नाक्यावरचे टांगेवाले मला पाहिलं की घोडा पुढे काढायचे. अडीच महिन्यांत निम्म्याहून जास्त खेपा बुडाल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेलेल्या दिवसाला बरोबरची खूण आणि बुडालेल्या दिवसाला फुली, अशी माझी पद्धत. चैत्र लागला तेव्हा फुल्याच जास्त दिसत होत्या.

नवी गाडी म्हणजे नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहणं. आमच्याकडे वर्षं नव्हती. गल्लीतल्या मिस्त्रीकडून मी पहाटे गाडी शिकायला लागले, पंचेचाळिसाव्या वर्षी, पदर खोचून. मिस्त्रीनंच त्या माणसाचा पत्ता दिला. “भाभी, दुकान नाही त्याचं. पाटी नाही. पण गाडी मिळंल.”

बाजार समितीच्या मागच्या मोकळ्या जागेत, बाभळीखाली तीन गाड्या उभ्या होत्या आणि शेजारी दोन खिलारी बैल. विकणारा पन्नाशीचा, कपाळाला विभूतीचे पट्टे, खांद्यावर टॉवेल. जन्मभर बैलांची दलाली केलेली, चार वर्षांपासून मोटारींची. दोन्हींत त्याच्या लेखी काही फरक नव्हता. करड्या अँबॅसेडरच्या बॉनेटवर थाप मारून तो म्हणाला, “अक्का, चार दातांची हाय. अजून लई वरसं वढंल.”

मी यादी काढली. “आर.सी. बुक दाखवा.”

बुक त्यानं बैलांच्या पेंडीच्या पोत्यामागून काढलं. नाव नातेपुत्याच्या एका शेतकऱ्याचं. आत घडी घातलेला मालकी बदलाचा फॉर्म, खाली सही, बाकी सगळा कोरा.

“हे काय?”

“सही केल्याली हाय की. वर तुमचं नाव घाला, झालं.”

“आणि तुम्ही कधी घेतली?”

“दोन वरसं झाली.”

“मग बुकावर तुमचं नाव का नाही?”

“मी कशाला नाव लावू? मला कुटं ठेवायची हाय? आज हितं, उद्या तितं.”

“मला मूळ मालकाला भेटायचंय.”

तो मोठ्यानं हसला. बैलांपाशी बसलेले दोघेतिघेही हसले. “अक्का, बैल घेताना बैलाच्या आईला भेटता काय?”

“मी बैल घेत नाहीये,” मी म्हणाले आणि मिस्त्रीला घेऊन बॉनेटकडे गेले.

त्या दिवशी हे बरोबर होते. त्यांना गाडीत बसता येतंय का ते पाहायचं होतं, म्हणून दुप्पट भाडं कबूल करून टांगा आणला होता. दोघांनी धरून त्यांना एकदा मागच्या सीटवर बसवून पाहिलं, जमलं. परत बाभळीच्या सावलीत खाटेवर बसवलं. मी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासत होते. असा छाप घेतला की आकडा खोडून पुन्हा ठोकलाय का ते कळतं, हे आर.टी.ओ. ऑफिसातल्या एका कारकुनाला दोनदा विचारून आले होते. मिस्त्री गाडीखालून बोलत होता, “इंजन अच्छा है, भाभी. स्प्रिंगचे पाटे दबलेत, बदलायला लागतील. नंबर जुळतोय.”

तेवढ्यात मागून आवाज आला, “झाला! सौदा झाला!”

वळून पाहिलं. दलाल ह्यांच्या शेजारी खाटेवर बसला होता. दोघांचे उजवे हात टॉवेलाखाली. बैलांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. भाव मान्य असेल तर समोरच्याचा पंजा आवळायचा. बाईमाणसाशी टॉवेलाखाली हात घालता येत नाही, म्हणून तो सरळ ह्यांच्याकडे गेला होता.

“साहेबांनी पंजा आवळला,” तो उठू पाहत म्हणाला. “एका पैशाची घासाघीस न्हाय. असं गिऱ्हाईक लई दिसांत बघितलं न्हाय बघा.”

“तुम्ही त्यांना विचारलंत?”

“इचारलं की! पसंत हाय का म्हटलं, तर हो म्हणाले. साहेब, व्हय का न्हाय?”

“हो,” हे म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

बैलवाले माना डोलवत होते. बाजारात एकदा पंजा आवळला की माघार घेणाऱ्याला पुन्हा कोणी दारात उभं करत नाही, असं त्यातला एकजण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. उन्हानं माझं डोकं चढलं होतं. भांडायचीही ताकद नव्हती. मी जाऊन टॉवेल उचलला.

ह्यांच्या बोटांनी त्याचा पंजा गच्च धरला होता. दलालाला उठायचं होतं आणि उठता येत नव्हतं. मी खाली बसले आणि रोज करते तसं करंगळीपासून सुरुवात केली. करंगळी, अनामिका, मधलं. एकेक बोट सोडवून सरळ धरायचं, दुसऱ्या हातानं पुढचं. आंघोळीच्या तांब्यापासून, चादरीपासून, माझ्या पदरापासून मी ती बोटं दिवसातून दहा वेळा सोडवत होते.

“त्यांच्या हातात काही ठेवलं की हात मिटतो,” मी म्हणाले. “मग त्यांचा त्यांना उघडता येत नाही. आणि ‘हो’ सोडून त्यांना दुसरा शब्द येत नाही.”

दलालानं टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि त्या माघारीवाल्याकडे वळून म्हणाला, “तू गप. आजारी माणसाचा पंजा म्हंजे सौदा न्हवं. माझ्या बापानं बी कधी धरला न्हाय.” माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, “नातेपुत्याला कवा जायाचं, अक्का?”

आम्ही दोन दिवसांनी एस.टी.नं गेलो. तो अँबॅसेडर काढत होता, पण मी विमा विचारला. विमा कधीच संपलेला. “मग एस.टी.,” मी म्हणाले. पंढरपूर, माळशिरस करत पोचेपर्यंत दुपार झाली. वाटेत तो एकदाच बोलला. “माझा बैल बसला की मला बी असंच व्हतंय. धा वेळा उठवायचं.”

गाडीचा मूळ मालक उसाला पाणी देऊन नुकताच घरी आला होता. दलालाला दारात पाहून त्यानं पायातली चप्पलसुद्धा काढली नाही.

“आलास व्हय? दोन वरसं गाडी तू फिरवतुयास आन् टॅक्सच्या नोटिसा माझ्या घरी येत्यात! पोलीस गल्लीत शिरला की माझी बायको म्हणती, कुणाला तरी उडवलं वाटतं आपल्या गाडीनं.”

“आपली कुटं? मी घेतली न्हाय का?”

“मग नाव लाव की भाड्या! बुकावर मी हाय. उद्या कुणी मेलं तर कोर्टात तू जाणार हायस का मी?”

मी यादी काढली तेव्हा मालकाच्या बायकोनं माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि हळूच म्हणाली, “ताई, तुमी तरी नाव लावून घ्या. एकदा त्या गाडीतनं आमाला सोडवा.”

बुकात बँकेच्या कर्जाची लाल शाईतली नोंद होती. कर्ज फिटलं होतं, फिटल्याचं पत्रही होतं, धान्याच्या कणगीमागच्या पेटीत. पण बँकेच्या शिक्क्याचा फॉर्म लागणार होता आणि बँकेचे साहेब रजेवर होते. मालकी बदलाचा नवा फॉर्म मी तिथंच भरला. कोरा फॉर्म मालकानं स्वतः फाडून चुलीत टाकला. गाडी दलालाला कधी दिली आणि दलाल मला कधी देणार, हे तारीख-वेळेसकट कागदावर आणलं, तिघांच्या सह्या झाल्या. गाडीची किंमतही त्याच कागदावर आली आणि थकलेला टॅक्स दलालानं भरायचा ठरला.

परतीच्या एस.टी.त मी हिशेब केला. बँकेचा साहेब, मग टॅक्स, मग विमा, मग आर.टी.ओ. म्हणजे महिना तरी जाणार. साडेतीन महिने होत आले होते.

“गाडी उद्याच न्या की,” दलाल म्हणाला. “कागद येतील मागनं. कोण बघतंय?”

माझ्या मनात आलं नाही असं नाही. पंढरपूरपासून सोलापूरपर्यंत तेवढाच विचार होता. पण गाडी चालवणार मी, नवशिकी, विमा नाही, बुकावर तिसऱ्याचं नाव. एखादं पोर आडवं आलं तर? त्या नातेपुत्याच्या बाईसारखं दारावर कान ठेवून बसायचं त्राण माझ्यात नव्हतं. मी नाही म्हणाले आणि घरी येऊन कॅलेंडरवर आणखी एक फुली मारली. त्या रात्री मला झोप लागली, ती थकव्यानं. मन शांत होतं असं मुळीच नाही.

सोमवारी सकाळी आठला दारात घुंगरं वाजली. दलालाची बैलगाडी. मागची फळी काढून गाडी जमिनीला लागेल अशी झुकवलेली, वर कडबा, कडब्यावर गादी, गादीवर धुतलेली चादर. बैल मात्र खिलारी नव्हते. दोन म्हातारे, संथ.

“ही जोडी पाण्यानं भरल्याली घागर सांडू देत न्हाय,” तो म्हणाला. “साहेबांना असंच आडवं ढकला. पायरीच न्हाय.”

“तुमचा बाजार?”

“बाजार काय, दुपारी असतोय.”

अशा पाच आठवडे पंधरा खेपा झाल्या. दर सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आम्ही बैलगाडीतून इस्पितळात गेलो. पोरं मागे धावायची. आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी मला रस्त्यात त्या अवस्थेत पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. इस्पितळाचा पहारेकरी रोज विचारायचा, “वरात कुणाची, मावशी?” आणि दलाल रोज तेच सांगायचा, “नवरदेव आत झोपलाय, वरडू नको.” हे हसायचे. वाकड्या तोंडानं का होईना, आवाज करून हसायचे. एकदा ‘हो’ऐवजी बैलांकडे बघून ‘हट्’ म्हणाले. मी ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

मधल्या काळात बँकेचा फॉर्म आला, टॅक्स भरला गेला, विमा माझ्या नावानं झाला. पाटे बदलले. आर.टी.ओ. ऑफिसात नातेपुत्याचा मालक स्वतः आला, सही करून आधी हात झटकले, मग जोडले. इन्स्पेक्टरनं बॉनेट उघडून छाप घेतला, माझ्या छापाशी ताडून पाहिला आणि विचारलं, “हा तुम्ही घेतला?” मी हो म्हणाले. एवढ्या दिवसांत कुणी मला विचारलेलं ते एकच कौतुकाचं वाक्य असावं, पण मला तेव्हा फक्त टेकायला खुर्ची हवी होती.

बुकावर माझं नाव चढलं त्या दिवशी दलाल किल्ली द्यायला घरी आला. हे पायरीवर बसले होते. काठी धरून चार पावलं टाकता येऊ लागली होती. हाताचं मात्र काही खरं नव्हतं. दलालानं किल्ली माझ्याकडे दिली. मग ह्यांच्या शेजारी बसून स्वतःचा पंजा त्यांच्या पंजात दिला आणि वर टॉवेल टाकला. दलाल तोंडानं बैलाला चुचकारतात तसा आवाज करत होता.

“काय करताय?” मी विचारलं.

“सौदा. त्या दिशी राहिला न्हवं का.”

“काय ठरलं?”

“टावेलाखालचं सांगत न्हाईत, अक्का.”

तो थोड्या वेळानं म्हणाला, “या आता, सोडवा.” मी यादीचा कागद खाली ठेवला, टॉवेल बाजूला केला आणि सवयीनं करंगळीला हात घातला. करंगळी सुटलेली होती. तिच्याशेजारचंही. त्या दिवशी मला तीनच बोटं सोडवावी लागली.