गुलाबपाण्याची भट्टी

कोविडने माझं नाक नेलं ते परत दिलंच नाही. बाकी मी ठणठणीत आहे. भाजी करपली तर धुरावरून कळतं, दूध नासलं तर ते फाटल्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल हळूहळू. मी मान डोलावली. बर्मिंगहॅममध्ये इतकी वर्षं काढल्यावर माणूस मान डोलवायला तरी शिकतोच.

बायको गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मागच्या गार्डनमधला गुलाब नेहमीसारखा फुलला. तो तिने लावलेला. रोज संध्याकाळी ती त्याच्या पाकळ्या वाटीभर पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी त्या पाण्याने तोंड धुवायची. विकतचं गुलाबपाणी तिला चालत नसे, त्याला अगरबत्तीचा वास येतो म्हणायची. त्यामुळे आमच्या घरात तिचा वास म्हणजे त्या झाडाचाच वास. आता घर विकायला काढलं होतं. मुलगी कार्डिफला हॉस्पिटलमध्ये नोकरी करते, तिच्याजवळ माझ्यासाठी एक फ्लॅट ठरला होता. फ्लॅटला गार्डन नाही, आणि एवढं जुनं झाड उपटलं तर जगणार नाही. तेव्हा या वर्षीच्या फुलांचा वास बाटलीत भरून घ्यायचा, असं मी ठरवलं. मला तो येणार नव्हता. पण तो आपल्याजवळ आहे एवढं मला पुरलं असतं.

पहिला प्रयोग कुकरवर. आपल्या माणसाला वाफ म्हटली की कुकरच आठवतो. शिट्टी काढली, तिथे फिश टँकची प्लास्टिकची नळी बसवली आणि ती बर्फाच्या बादलीतून फिरवली. थेंब थेंब पाणी पडलं, दिसायला स्वच्छ. मी खूश. शेजारच्या गोऱ्या आजीबाईंना कुंपणावरून बाटली हुंगायला दिली. त्यांनी हुंगली, माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय सभ्यपणे विचारलं, "छान आहे. जेवणात घालायचं आहे का?"

कुकरच्या रबरी रिंगने वर्षानुवर्षं हिंग घातलेलं वरण शिजताना पाहिलेलं. नाकवाल्या माणसाला झाकण लावतानाच कळलं असतं. हिंगाचं एक वेळ हसण्यावारी नेता येतं, पण ती प्लास्टिकची नळीही वाफेने मऊ पडून पांढुरकी झाली होती. तिच्यातून पाण्यात काय उतरलं असेल, कोण जाणे. ते पाणी मी मोरीत ओतलं आणि दिवसभर स्वतःवरच चिडून बसलो. जन्मभर कारखान्यात पाइप आणि जोड तपासले आणि घरी हा असा कारभार.

मग रीतसर सामान शोधायला लागलो. ज्याला नाक नाही त्याने भांडं आधी पारखून घ्यावं, कारण नंतर काही कळायचं नाही. होमब्रूच्या, म्हणजे घरी बिअर करायचं सामान मिळतं त्या दुकानातल्या माणसाने आधीच बजावलं की दारू गाळायला परवाना लागतो. गुलाब गाळायचेत म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. पुण्यातल्या मित्राला फोन केला तर तो ओरडला, "काय रे, हातभट्टी लावलीस की काय?" आम्ही खूप हसलो. मग त्याला नातवाने हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

ऑनलाइन तांब्याचं एक भांडं पाहिलं, लांब मानेचं, इतकं देखणं की घेणारच होतो. विकणाऱ्याला विचारलं, जोडाला डाग कशाचा दिलाय? जुन्या पद्धतीच्या डागात, म्हणजे सांधा जोडायला वितळवून ओततात त्या धातूत, शिसं असतं, आणि गरम वाफ तिथूनच जाणार. उत्तर आलं, हँडमेड आहे. म्हणजे त्याला माहीत नव्हतं. शिवाय तांबं म्हटलं की ते घासूनपुसून ठेवणं आलं, जरा हयगय झाली की हिरवं चढतं. तांबं बाद केलं. ॲल्युमिनियम बाद, पितळेचा नळ बाद, कारण त्यातही शिसं असू शकतं. रबर तर बोलायलाच नको. शेवटी जाड बुडाचं स्टेनलेस स्टीलचं पातेलं घेतलं, वाफ थंड करायला प्रयोगशाळेत असते तशी काचेची नळी आणि दोन्हींना जोडायला खाण्याच्या वस्तूंना चालणाऱ्या सिलिकॉनचा तुकडा. पाकळ्या बुडाला लागून करपू नयेत म्हणून आत चाळणी. नळीचं शेवटचं तोंड मात्र कायम उघडं. ते बंद झालं तर पातेल्याचा बॉम्ब होतो.

झाकणाची फट बुजवायला कणीक लागते. बायको गेल्यापासून मी पहिल्यांदाच परात काढली. कणीक मळली, तिची लांब वळी केली आणि पातेल्याच्या काठाला थापली. सगळं मांडून झालं तेव्हा मी कुणाला तरी दाखवायला मागे वळलो. पुन्हा एकदा वळलो. फार एकटं वाटलं, हे इथे सरळ लिहून टाकतो.

पहिल्यांदा नुसतं पाणी उकळून फेकून दिलं, म्हणजे भांडी आतून धुतल्यासारखी झाली. मग सकाळी ऊन चढायच्या आत फुलं तोडली, पाकळ्या चाळणीवर पसरल्या आणि इलेक्ट्रिक शेगडी मंद ठेवली. गॅसच्या वाटेला मी जात नाही, गळती झाली तर मला कळणार कशी? दुपारपर्यंत एक छोटी काचेची बाटली भरली. मी ती नाकाशी धरली. पाण्याचा गारवा लागला, बाकी काही नाही.

पुढच्या शनिवारी मुलगी पॅकिंगला आली. चहा होईपर्यंत मी दम धरला, मग बाटली तिच्यापुढे ठेवली.

"ओ माय गॉड, बाबा, हे तुम्ही घरी केला?" तिने झाकण उघडलं. "इट्स सो प्युअर! नुसतं रोझेस. काही केमिकल नाही, काही नाही."

"हिंग?"

"हिंग? नाही!"

मला एवढा आनंद झाला की मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, "नीट बघ. आईसारखा वास येतो का?"

तिने पुन्हा हुंगलं. डोळे मिटून, बराच वेळ. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. मग तिने बाटली हळूच टेबलावर ठेवली.

"बाबा, आय डोन्ट नो," ती म्हणाली. "मला आईचं वास आठवत नाही. आय कीप ट्राइंग. येतच नाही." आणि ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुम्हाला आठवते ना? मग तुम्ही सांगा ना मला. कसा होता?"

"गुलाबासारखा," मी म्हणालो.

ती पुढचं ऐकायला थांबली. मी आठवत राहिलो. तिची ती वाटी आठवली, ओले हात आठवले, टॉवेलने तोंड पुसताना ती डोळे मिटायची तेही आठवलं. वास मात्र आठवेना.