अंग पुसायचा हत्ती

"बाजूवाले दीवार तोड़ रहे हैं क्या?"

शेजारच्या केबिनमधल्या बाई कॉरिडॉरमध्ये नवऱ्याला विचारत होत्या. मी आमच्या दाराचं कार्ड हातात धरून उभी राहिले आणि त्या लांब जाईपर्यंत मोबाइलमध्ये काहीतरी वाचत असल्याचं नाटक केलं. भिंत कुणी तोडत नव्हतं. आई कपडे धूत होती.

जहाजाच्या आठव्या मजल्यावर, कोपर पसरलं तर दोन्हीकडे भिंत लागेल एवढ्याशा बाथरूममध्ये ती धोपाटण्याने कपडे बडवत होती. मुंबईच्या बंदरावर सामान तपासताना ते धोपाटणं स्क्रीनवर दिसलं, तेव्हा तपासणाऱ्याने विचारलं होतं, "ये क्या है, बॅट?" बाबांनी शांतपणे "हां, बॅट," म्हणून सांगितलं होतं.

आई-बाबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून ही तीन दिवसांची गोव्याची सफर मीच बुक केली होती. माझी नोकरी घरूनच, टेमघरच्या फ्लॅटमध्ये, हेडफोन लावून आणि कॅमेरा बंद ठेवून. मला वाटलं होतं, समुद्रात सगळे गप्प बसून पाण्याकडे बघतील. आत्याही बरोबर आली, कारण तिला सोडून बाबा कुठेच जात नाहीत. आणि घालून झालेले कपडे बॅगेत तसेच ठेवणं आईला जमत नाही. सुट्टी असली तरी धुणं रोजचं रोज. आत्याने आपल्या परकराची नाडी ओढून काढली आणि बाल्कनीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली. "घ्या, झाली दोरी," ती म्हणाली, आणि उरलेले दिवस सेफ्टी पिनवर काढायला तयार झाली.

त्या सकाळी आईने बाबांचं कापड धुतलं. त्याला आम्ही नुसतं कापडच म्हणतो. कामतघरला बाबांचे आठ लूम, म्हणजे यंत्रमाग होते. गेल्या वर्षी ते भंगारात गेले. कारागीर गावी निघून गेल्यावर शेवटची शिफ्ट बाबांनी स्वतः केली, बीमच्या रुळावरचं सूत संपेपर्यंत. मधे एकदा त्यांचं लक्ष गेलं नाही आणि कापडात एक आडवी विरळ रेघ पडली. एरवी असा माल त्यांनी बाजूला काढला असता. या वेळी त्यांनी तेवढाच तुकडा घरी आणला. ब्लीच न केलेला, पिठाच्या रंगाचा. आईने त्याला कडा शिवल्या. तेव्हापासून बाबा आंघोळीनंतर त्यानेच अंग पुसतात.

आमच्याकडे धुतलेले पिळे मोरीच्या स्वच्छ फरशीवर ओळीने ठेवतात आणि सगळं आटपलं की एकदमच गच्चीवर नेतात. आईने इथेही तेच केलं. पिळे फरशीवर ठेवले आणि नाश्ता संपेल म्हणून आम्हाला घाई करत वर घेऊन गेली.

बाथरूमच्या आरशाखाली इंग्रजीत पाटी होती: हुकावर लावलेले टॉवेल तुम्ही परत वापरणार, फरशीवर टाकलेले आम्ही नेणार. ती मी पहिल्याच दिवशी वाचली होती. कुणाला सांगितली नाही, कारण कुणी विचारलं नाही. माझं असंच असतं.

परत आलो तर खोली आवरलेली. परकर, कुर्ते, बनियन, सगळे पिळे जसेच्या तसे. कापड तेवढं नाही.

खोल्या आवरणारे काका, बाबांच्याच वयाचे, ट्रॉली घेऊन कॉरिडॉरमध्ये होते. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "भैया, हमारा कापड किधर गया?"

त्यांनी आठवून पाहिलं. "जमीन पे था? हल्का पीला? अरे मैडम, वो तो जानवर बन गया होगा."

आज वरच्या डेकवर टॉवेलच्या प्राण्यांचं प्रदर्शन होतं. हंस, माकडं, कासवं. मजल्यामजल्यावरून टॉवेल वर गेले होते.

"पण ओलं होतं ना ते!" आत्या म्हणाली.

"गीला हो तो जानवर अच्छा खड़ा रहता है."

"कौनसा जानवर?" आईने विचारलं.

"वो नहीं पता. दो सौ हैं. बारा बजे सब नीचे लॉन्ड्री में जाएगा. गरम पानी, ब्लीच, फिर गिनती."

"ब्लीच?" बाबा म्हणाले आणि आत जाऊन बॅगेतून धागे मोजायची पितळी काच घेऊन आले. सुट्टीला येताना त्यांनी ती काच का आणली होती, हे मी विचारलं नाही. एकदा ब्लीच झालं की कापड पांढरंफेक होऊन हजार टॉवेलांत मिसळणार, हे आम्हा चौघांनाही कळलं होतं. साडेअकरा वाजले होते.

डेकवर प्रत्येक आरामखुर्चीत एकेक प्राणी बसला होता. बाबांनी पहिल्या हंसापासून सुरुवात केली. वाकायचं, प्राण्याच्या मागच्या बाजूला काच लावायची, डोळा बारीक करायचा, मान हलवायची आणि पुढचा. मागून आई, तिच्यामागून पिन सांभाळत आत्या. वीसेक प्राणी झाले तेव्हा लोक बाजूला होऊन वाट देऊ लागले. एका काकूंनी आपल्याला आवडलेलं माकड पुढे सरकवलं. "सर, इसको भी देखिए ना, बहुत क्यूट है." बाबांनी पाहिलं. "टेरी है, टॉवेल का कपड़ा," ते म्हणाले. काकूंचा चेहरा पडला.

"अगं, याला परीक्षक समजतायत लोकं," आत्या माझ्या कानाशी म्हणाली. "तू जा त्या माईकवाल्याकडं. सांग इंग्लिशमधी. एवढी शाळा केलीस ती कशापायी? बोलायचं न्हाय तर न्हाय, निस्तं बघायचं!"

वाक्य तयार होतं माझ्याकडे. एक्सक्यूज मी, देअर हॅज बीन अ मिसअंडरस्टँडिंग. मी ते चार वेळा मनात म्हटलं आणि चार वेळा सरबताच्या टेबलापर्यंत जाऊन परत आले. तेवढ्यात माईकवाल्यानेच बाबांना पाहिलं आणि मोठ्या आवाजात जाहीर केलं की आजचे स्पेशल जज आपल्यात आलेले आहेत. टाळ्या वाजल्या. बाबांनी नमस्कार केला. ते कधीही कुणाच्या टाळीला नमस्कार केल्याशिवाय राहत नाहीत.

पोहायच्या तलावाजवळ एक हत्ती होता. बाकी सगळे प्राणी फुगीर आणि पांढरेशुभ्र. हा बारीक, पिठाच्या रंगाचा, कान पडलेले, डोळ्यांवर कुणाचा तरी गॉगल. बाबांनी काच लावली ती उचललीच नाही. मग त्यांनी त्या आडव्या रेघेवरून एकदा अंगठा फिरवला. काच खिशात टाकली.

"आणि विजेता आहे हत्ती!" माईकवाला ओरडला. गाणं लागलं. लोक फोन काढून पुढे आले. त्याने माईक बाबांच्या तोंडाशी धरला. "सर, हाच का? व्हाय दिस एलिफंट?"

बाबांनी हत्तीची सोंड सरळ केली. आई पदराच्या टोकाशी काहीतरी करत होती. तिकडे लॉन्ड्रीची दोन माणसं मोठ्या चाकांच्या टोपल्या घेऊन आली आणि त्यांनी टोकाच्या खुर्चीपासून हंस आत टाकायला सुरुवात केली होती. हत्तीच्या रांगेत सात खुर्च्या उरल्या होत्या. मग सहा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग माईकवाल्यानेही.

"मॅडम, यू टेल अस?"

माईक ओलसर होता. त्यातून माझा श्वास सगळ्या डेकभर ऐकू आला. ते तयार इंग्रजी वाक्य कुठे गेलं कोण जाणे. मी हत्तीचा गॉगल काढला, त्याला दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरलं आणि म्हणाले,

"हा हत्ती नाहीये. हे माझ्या बाबांनी विणलेलं शेवटचं कापड आहे. आणि हे कुणी धुवायचं नाही, आईने सकाळीच धुतलंय."