अजून उतारतलो

परबकाका वर्तमानपत्र नेहमी जाहिरातींपासून वाचायला घेत. नव्या टीव्हीच्या किमतीवर बोट ठेवत आणि गॅलरीतून जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "अजून उतारतलो." देशात काय चाललंय ते त्यानंतर. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती, त्यामुळे माझी सकाळ वर्षानुवर्षं भाव अजून उतरेल या भाकितानेच झाली.

माझं सगळं त्यांच्या उलट. बाजारात काही नवं आलं की मला चैन पडत नसे. वस्तू हप्त्यावर आणायची, आणि हप्ते फिटायच्या आत ती जुनी झालेली बघायची. आता या सगळ्याचा वीट आलाय, पण तेव्हा अंगात खुमखुमी होती. नवी वस्तू आली की काका बघायला येत, चहा घेत, किंमत विचारत आणि माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत. "विनय, पयलो घेता तो कंपनीक पोसता. शेवटचो घेता तो टीव्ही बघता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला राग यायचा, कारण त्यात तथ्य होतं.

फक्त शेवटचा म्हणजे किती शेवटचा, हे त्यांना कधी कळलं नाही. त्यांनी व्हीसीआर घेतला तेव्हा कोपऱ्यावरचा कॅसेटवाला दुकान आवरत होता. डीव्हीडी प्लेयर घेतला तेव्हा डिस्कच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लागली होती. दोन्ही यंत्रं ठणठणीत, पण त्यात घालायला काही मिळेना. उमेदीची वर्षं गिरणीच्या स्टोअरमध्ये गेलेली. पडून राहिलेला माल कधी ना कधी उपयोगी येतोच, यावर त्यांची श्रद्धा होती.

पण काकांच्या थांबण्यापायी थकल्या त्या काकू. त्यांचा धाकटा भाऊ कुडाळजवळच्या गावी दशावतारात स्त्रीपार्ट करायचा. गुडघ्यांमुळे काकूंचं गावी जाणं सुटलं होतं. भावाचा मुलगा वडिलांची नाटकं इंटरनेटवर टाकायचा, पण परबांच्या डबा टीव्हीवर ती दिसायची सोय नव्हती. मी एकदा माझ्या मोबाइलवर लावून दिलं. काकूंनी डोळे बारीक करून बघितलं आणि मुंगी नाचतेय असं म्हणून फोन परत केला. स्मार्ट टीव्हीचा विषय निघाला की काका म्हणत, थोडं थांबू. मालवणीत भाऊ म्हणजेही 'भाव'च. काकू मला म्हणाल्या होत्या, "ह्यांका बाजारातलोच भाव कळता रे. माझो भाव कळना नाय."

मग काकूंना काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की खूप उशीर झालाय, नजर कडांकडून आत मिटत चाललीय, गेलेली परत येणार नाही, राहिलेली किती टिकेल सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी काका मला घेऊन दादरच्या दुकानात गेले आणि सगळ्यात मोठ्या टीव्हीसमोर उभे राहिले. विक्रेता भला माणूस. तो म्हणाला, काका, तीन आठवड्यांवर दसरा आहे, ऑफर लागेल, थांबा. जन्मभर जगाला थांबा सांगणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कोणीतरी थांबा म्हणत होतं.

"माका आज व्हयो," काका म्हणाले.

दहा बाय बाराच्या खोलीत तो टीव्ही लागला तेव्हा कॅलेंडर आणि घड्याळ दोन्ही उतरवावी लागली. भिंतभर काकूंचा भाऊ नऊवारी नेसून उभा राहिला. काकू कॉटवर बसून बघत होत्या आणि काका काकूंकडे बघत होते. छान दिसतंय, त्या म्हणाल्या. चौथ्या दिवशी काका मासे आणायला गेले तेव्हा काकूंनी मला हळूच हाक मारली.

"माका नुसता नाक दिसता रे तेचा. तेंका सांगू नको हां."

मिटत आलेल्या नजरेत भिंतीएवढा चेहरा मावत नव्हता. नाक बघितलं की पदर सुटायचा, पदराकडे वळावं तर हात निघून गेलेला असायचा. मी काकांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

पण काकूंची मान सारखी इकडून तिकडे फिरते, हे काकांनीच टिपलं. एका संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्राची सुरळी केली, एक डोळा मिटला, दुसऱ्याला सुरळी लावली आणि काकूंच्या शेजारी बसून टीव्हीकडे बघितलं. बराच वेळ तसेच बसले. मग उठले आणि सुरळी डोळ्याला तशीच धरून एकेक पाऊल मागे सरकू लागले. उंबरा ओलांडून गॅलरीत आले, पाठ कठड्याला टेकली, तेव्हा थांबले. तिथून अख्खा माणूस सुरळीच्या भोकात मावत होता. त्यांनी काकूंसाठी खुर्ची उचलून तिथे आणून ठेवली.

तेव्हापासून संध्याकाळी परबांचं दार सताड उघडं. काकू गॅलरीत कठड्याला टेकून बसायच्या आणि मधून जाणारा प्रत्येक जण कमरेत वाकून जायचा. पाण्याच्या बादलीवरून हाणामारीला येणारी आमची चाळ, पण त्या चार हातांत कोणी ताठ चाललं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काकूंची उरलेली नजरही गेली. त्यानंतरच्या दसऱ्याला तोच टीव्ही निम्म्या किमतीत आला आणि मी मूर्खासारखी ती जाहिरात काकांना वाचून दाखवली. ते रागावले नाहीत. "आठ म्हयने बघल्यान ना तिना? मगे झाला," एवढंच म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी नाटक लावलं आणि काकूंच्या शेजारी बसून कोण आलं, कोण गेलं, कोणी पदर सावरला, ते सांगायला लागले. रोज सांगायचे.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. अधूनमधून मी जाऊन बसतो, नाटक लावून देतो. परवा म्हटलं, काकू, मला दशावतारातलं काही कळत नाही, काकांसारखं सांगता येणार नाही.

"तेंका तरी खंय कळत होता," काकू म्हणाल्या. "राक्षसाक राजा म्हणत. गाण्यावरून माका सगळा समजत होता. पण मी कधी बोललंय नाय."