नारूचा धडा

आमच्या शाळेत नारूचा धडा उर्दूत होता. निजामाचं राज्य, शिक्षण उर्दूतून, त्यात नवल काही नव्हतं. दखनी कानावर पडून पडून आम्हाला ती भाषा समजतही होती. ‘पानी छानकर पियो, बावली में पाँव मत डालो,’ हे आम्ही माना डोलावत सुरात म्हणायचो. तेव्हा पोरांना धडा कळलाच नाही, ही सबब कुणी मला सांगू नये. धडा कळण्यासाठी नव्हताच मुळी. शाळा तपासायला तालिमात म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब आले की त्यांच्यापुढे म्हणून दाखवण्यासाठी होता.

गाव चौसाळ्याच्या अंगाला. प्यायचं पाणी एकच, पायऱ्यांच्या बारवेचं; धड्यातली बावली म्हणजे हीच. बायका घागर घेऊन खाली उतरायच्या, गुडघाभर पाण्यात शिरायच्या आणि घागर बुडवायच्या. उन्हाळा लागला की गावात नारू निघायचा. ज्यांनी तो पाहिला नाही ते भाग्यवान. पायाला फोड येतो, जिवाची आग आग होते, फोड फुटतो आणि आतून दोऱ्यासारखा पांढरा किडा तोंड बाहेर काढतो. तो एकदम ओढायचा नसतो. काडीला गुंडाळून रोज जरासा फिरवायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून कामातून जातो. आग सोसेना झाली की गावाला एकच उपाय माहीत होता, बारवेत जाऊन पाय पाण्यात सोडून बसायचं. पाण्यात पाय गेला की किडा तिथंच आपली पिल्लं सोडतो, ती प्यायच्या पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात आणि वर्षाच्या आत-बाहेर त्याच्या पायातून निघतात. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तरांना ठाऊक होतं. त्यांच्याजवळच्या पुस्तकात ते चित्रासकट छापलेलं होतं.

एका उन्हाळ्यात साहेब येणार म्हणून शाळा सारवली, पताका लावल्या. त्या वर्षी माझ्या घोट्यालाही नारू होता आणि वर्गातली बरीच पोरं लंगडत होती. मास्तरांनी सकाळीच आम्हा लंगड्यांना वेगळं काढलं.

“तुमी बारवेत जाऊन बसा. सावली हाय, गार हाय. साहेब गेल्याबिगर वर येऊ नका.”

मी म्हणालो, “मास्तर, बावलीत पाय घालू नका म्हनून आपुनच म्हनतो की.”

“ते साहेबापुढं म्हनायचं असतंय,” मास्तर म्हणाले. “चल, नीघ.”

मास्तरांनी धाडलेलं. आम्ही गेलो. पाय असे भाजत होते की पाण्यात सोडल्यावाचून राहवेना. वरून शाळेचा आवाज ऐकू येत होता. धडधाकट पोरं ठणठणीत आवाजात म्हणत होती, बावली में पाँव मत डालो. आणि गावाचं पिण्याचं पाणी आमच्या पायांभोवती हिंदकळत होतं. माझी आक्का, माझ्याहून मोठी बहीण, तेवढ्यात घागर घेऊन खाली उतरली. साहेबांना प्यायला पाणी तिनंच नेलं. मास्तरांनी ते धोतराच्या दुहेरी पदरातून गाळून साहेबांच्या हातात दिलं. हे आक्कानं मला घरी येऊन कौतुकानं सांगितलं. किती स्वच्छ माणूस, म्हणाली. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. अरे, गाळायचं फडकं तुझ्या अंगावरच होतं, मग गावाला सांगायला काय तुझी जीभ झडली होती?

साहेब खूश होऊन गेले. शेरा पडला की या गावात नारू नाही. पुढचं मग ओघानंच आलं. ज्या गावी नारू आहे तिथल्या बारवेच्या पायऱ्या बुजवून वरून रहाट बसवायचा असा सरकारी हुकूम निघाला होता. म्हणजे कुणी पाण्यात उतरायलाच नको. शेजारच्या गावच्या मास्तरांनी लंगडी पोरं जशीच्या तशी उभी केली होती. रहाट त्यांना मिळाला. आम्हाला शाबासकी मिळाली.

पुढच्या उन्हाळ्यात आक्काच्या गुडघ्याला फोड आला. लग्न केव्हाच झालेलं होतं, आता तिला नांदायला न्यायचं होतं. सासरची गाडी आली, सासऱ्यानं गुडघ्यावरची किडा गुंडाळलेली काडी बघितली आणि म्हणाला, “पाय बरा झाल्यावर नेऊ.” गाडी रिकामी परतली. आक्काच्या मनानं धसका घेतला. लवकर बरं व्हायचं म्हणून तिनं आईच्या नकळत तो किडा ओढला. तुटला. गुडघा मडक्याएवढा सुजला, पू झाला, कसाबसा जीव वाचला, पण पाय पुन्हा दुमडला नाही. सासरच्यांनी दुसरी सून आणली. आम्हाला ते गावातल्या लोकांकडून कळलं.

एवढं झाल्यावर साहेब पुन्हा यायचे ठरले. आदल्या दिवशी मास्तर आमच्या दारात उभे. आक्का रस्त्याकडच्या ओट्यावर पाय पसरून बसलेली.

“हिला उद्या आत बसवा,” ते आईला म्हणाले. “साहेब ह्याच रस्त्यानं येणार हायेत.”

आई काही बोलायच्या आत आक्का म्हणाली, “कावून? मी काय चोरी केली?”

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावरून हलली नाही. साहेबांचा टांगा आला, मास्तर बाजूनं धावत होते. साहेबांनी पायाकडं बघून विचारलं, काय झालं. मास्तर चटकन म्हणाले, चिंचेवरून पडली.

“पडले न्हाई,” आक्का म्हणाली. टांग्यात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “नारू हाय ह्यो. लई जनांना हाय. समदी तिकडं बारवेत बसवलीत, जाऊन बघा.”

साहेब टांग्यातून उतरले आणि शाळेऐवजी बारवेकडं गेले. त्याच वर्षी पायऱ्या बुजल्या, रहाट बसला. पुढं हळूहळू नारू हटला. मग ज्यांनी आमची बारव कधी पाहिली नव्हती अशा वरच्या साहेबांचा मोठा शेरा आला, की मास्तरांच्या आरोग्याच्या शिकवणीमुळे गाव सुधारलं. मास्तरांना बढती देऊन परळीच्या थोरल्या शाळेत नेलं. निरोपाला गावानं मांडव घातला, हार आणले. मास्तरांना ओवाळायला सवाष्णी हव्या होत्या, म्हणून एक माणूस आमच्याकडं आईला बोलावणं घेऊन आला.

आई चुलीपुढून उठली नाही. “माझी लेकबी सवाशीनच हाय,” ती म्हणाली. “तिला उचलून न्या, ती ववाळील.”

तो माणूस खाली मान घालून निघून गेला.